लाळ-स्टार्चचा प्रयोग वर्गात फसतो? विकराला दोष देण्याआधी हे तपासा

पुस्तकात हा प्रयोग चार ओळींचा आहे. स्टार्चचं द्रावण घ्या, त्यात लाळ घाला, थोडं थांबा, आयोडीनचा थेंब टाका. निळा रंग आला नाही, म्हणजे लाळेतल्या विकरानं (एन्झाइमनं) स्टार्च तोडून त्याची माल्टोज ही साखर केली. वर्गात मात्र दरवर्षी कुठल्यातरी बाकावरून आवाज येतोच, "मॅडम, माया नळीतला निळा जाऊनच नाही राह्यला!"

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. या प्रयोगाची दुरुस्ती मी इतक्या वेळा केली आहे की आता आजूबाजूच्या शाळांतले शिक्षकही प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी फोन करतात. प्रयोग फसतो याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. फसला की फळ्यावर 'निरीक्षण : निळा रंग नाहीसा झाला' असं लिहून देतात आणि पोरं ते मुकाट्यानं वहीत उतरवतात. डोळ्यांसमोर निळीशार नळी आणि हातानं लिहायचं दुसरंच. असं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी लक्षणं विचारा

"प्रयोग झाला नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. कसा झाला नाही ते विचारायचं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण या चारांत बसतात :

- लाळ घालून अर्धा तास झाला, नळी गर्द निळीच आहे.
- निळा रंग आलाच नाही. लाळ न घातलेल्या नळीतसुद्धा नाही.
- उकळलेल्या लाळेच्या नळीतलाही रंग गेला, जो जायला नको होता.
- एका गटाचं पाच मिनिटांत झालं आणि शेजारच्या गटाचं तास संपेपर्यंत नाही.

रंग जांभळा किंवा तांबूस-तपकिरी झाला, अशीही तक्रार येते. तो बिघाड समजू नका. स्टार्चची लांब साखळी आयोडीनला आपल्या वेटोळ्यात धरते, म्हणून निळं-काळं दिसतं. साखळीचे तुकडे झाले की वेटोळी लहान होतात आणि रंग जांभळा, मग तांबूस होत जातो, शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळट रंग उरतो. तांबूस नळी म्हणजे काम अर्ध्यावर आहे. आणखी पाच मिनिटं द्या. आणि पोरांना तो तांबूस रंग वहीत लिहू द्या, कारण विकर स्टार्चला एका घावात साखर करत नाही हे त्यातूनच कळतं.

पहिली तपासणी : तीन नळ्या आहेत का?

याला पैसा लागत नाही आणि नव्वद टक्के शाळांत हीच गोष्ट गाळलेली असते. एकच नळी घेऊन हा प्रयोग करू नका. पहिल्या नळीत स्टार्च आणि नुसतं पाणी. दुसरीत स्टार्च आणि ताजी लाळ. तिसरीत स्टार्च आणि पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून गार केलेली लाळ. पहिली आणि तिसरी शेवटपर्यंत निळी राहायला हवी, दुसरीचाच रंग जायला हवा.

एवढं केलं की पुढचा अर्धा शोध नळ्याच लावून देतात. पहिलीच निळी होत नसेल तर विकराचा संबंधच नाही, कारण त्या नळीत विकर नाहीच. खोट आयोडीनमध्ये, स्टार्चमध्ये किंवा पाण्यात आहे. तिन्ही निळ्या राहिल्या तर विकर कमी पडलं किंवा त्याला काम करायला हवी तशी परिस्थिती मिळाली नाही. तिसरीचा रंग गेला तर एकतर लाळ नीट उकळली नव्हती, नाहीतर आयोडीनला दुसरंच काहीतरी खाऊन टाकतंय.

इथे एक शब्द सुधारायला सांगते. "मॅडम, विकर मेलं" असं मुलं म्हणतात, शिक्षकही म्हणतात. विकर जिवंत नसतंच, त्यामुळे ते मरतही नाही. ते प्रथिन आहे. एका ठरावीक आकारात दुमडलेलं प्रथिन, आणि त्या दुमडण्यात एक खोबण तयार झालेली असते. स्टार्चची साखळी तिथे बसते, तुटते, तुकडे बाहेर पडतात, खोबण पुन्हा मोकळी. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. उकळल्यावर ती घडी उलगडते, खोबण राहत नाही, आणि गार केल्यावर घडी परत जशीच्या तशी बसत नाही. उकडलेलं अंडं गार केल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसंच. विकराला पेशीच्या आतच राहावं लागतं असंही नाही. एदुआर्द बुखनरनं १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी वाटून, गाळून काढलेल्या रसानं साखर आंबवून दाखवली. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती. १९०७ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. आपली परीक्षानळी चालते ती याच कारणानं.

आयोडीन

प्रयोगशाळेच्या कपाटातली आयोडीनची बाटली किती जुनी आहे ते बघा. आयोडीन उडून जातं. झाकण सैल असलेली, खिडकीतल्या उन्हात ठेवलेली बाटली दोन उन्हाळ्यांत फिकी पडते, आणि आपल्याकडचे उन्हाळे काय असतात ते सांगायला नको. तपासायला शिळ्या भाताचं एक शीत पुरे. त्यावर थेंब टाका, लगेच काळं-निळं झालं तर आयोडीन चांगलं. नाहीतर मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा आणि पाणी घालून चहाच्या फिक्या रंगाएवढं पातळ करा. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीनही पातळ करून चालतं. तपकिरी बाटलीत, घट्ट बुचाखाली, कपाटाच्या तळाशी ठेवा.

दुसरी चूक आयोडीन आधी घालण्याची. पोरांना निळी नळी डोळ्यांसमोर फिकी होताना बघायची असते, म्हणून ते स्टार्चमध्ये भरपूर आयोडीन ओततात आणि मग लाळ घालतात. जास्त आयोडीन स्टार्चला धरून ठेवतं आणि विकरालाही त्रास देतं. मग तास संपला तरी रंग तसाच. त्यापेक्षा पांढऱ्या बशीत आयोडीनचे वेगवेगळे थेंब टाकून ठेवा आणि दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यात सोडा. बशी नसेल तर गोळ्यांचं रिकामं पाकीट उलटं करून त्याचे खळगे वापरा, खाली पांढरा कागद ठेवा. निळा, जांभळा, तांबूस, पिवळट अशी रांगच दिसते, आणि कितव्या मिनिटाला रंग यायचा थांबला ते प्रत्येक गटाला आकड्यात लिहिता येतं.

स्टार्च : गरम, कच्चं की दाट?

निळा रंग आलाच नाही, ही तक्रार घेऊन मागच्या वर्षी एक तरुण शिक्षक आले होते. नवं आयोडीन आणलं होतं, तरी पहिल्या नळीतही रंग नाही. मी नळीला हात लावला, चटका बसला. स्टार्च चुलीवरून उतरवून सरळ नळ्यांत भरलं होतं. गरम द्रावणात आयोडीन स्टार्चच्या वेटोळ्यात टिकत नाही. नळी गार झाली तसा निळा रंग आपोआप उमटला. ही चूक फार फसवी आहे, कारण गरम नळीत लाळ घातलेली असली तर "बघा, रंग गेला, पचलं" असं वाटतं. प्रत्यक्षात काहीच पचलेलं नसतं. त्या उष्णतेनं विकरही बिघडून बसलेलं असतं.

उलट काही जण पीठ नुसतं थंड पाण्यात कालवतात. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट असतात, विकराला आत शिरता येत नाही. शिजलं की कण फुगून फुटतात आणि साखळ्या मोकळ्या होतात. म्हणून आधी थंड पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात ओतून दोन मिनिटं ढवळायचं, मग पूर्ण गार होऊ द्यायचं. सुती साडीला लावायची आरारूटची खळ असते ना, तीच पण पुष्कळ पातळ. २०० मिली पाण्याला अर्धा चहाचा चमचा पुरे. साबुदाणा किंवा भाताची पेज वापरली तरी चालते, फक्त गाळून घ्या.

पातळ का, हे पोरांना जिनिंगच्या उदाहरणानं चटकन कळतं. आमच्याकडे दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. आत जितकी यंत्रं आहेत तितकाच कापूस तासाला निघणार. रांगेत आणखी पन्नास गाड्या उभ्या केल्या म्हणून सरकी लवकर वेगळी होत नाही. विकराचंही हेच आहे. त्याच्या सगळ्या खोबणी भरल्या की स्टार्च वाढवून वेग वाढत नाही, नुसती वेळ वाढते. दाट खळीत लाळेचे चार थेंब म्हणजे दोन यंत्रं आणि फाट्यापर्यंत गेलेली रांग. यंत्र मात्र गाडी उरकली म्हणून झिजून संपत नाही, पुढच्या गाडीला तेच चालतं. विकरही तसंच, साखळी तोडून झाली की ते पुन्हा कामाला मोकळं. म्हणूनच एवढीशी लाळ नळीभर स्टार्चला पुरते, वेळ दिला तर.

ऊब आणि घड्याळ

"मॅडम, आपल्याकडच्या उन्हानं विकर खराब होत असेल" हे मी शिक्षकांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. ते खरं नाही. लाळेतलं विकर, अमायलेज किंवा जुन्या पुस्तकांतलं टायलिन, शरीराच्या ३७ अंशांना उत्तम चालतं आणि ४५ अंशांच्या खोलीतही लगेच बिघडत नाही. उलट सुरुवातीला जोरात चालतं, फक्त टिकतं कमी. ६० च्या पुढे त्याची घडी भराभर उलगडते. एप्रिलच्या सकाळच्या शाळेत प्रयोग फसला तर बहुधा कारण हे असतं की लाळ साडेसातला गोळा केली आणि पत्र्याच्या खोलीत तीन तास तशीच पडली. लाळ ताजी घ्या, एवढाच उपाय.

हा प्रयोग खरा फसतो तो थंडीत. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी आमच्या प्रयोगशाळेत १२ अंश असतात. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की विकराचा वेग साधारण निम्मा होतो. ३७ वरून १२ म्हणजे पंचवीस अंश, वेग पाच-सहा पटींनी कमी. ज्या नळीला एरवी दहा मिनिटं लागतात तिला जवळपास तास लागणार, आणि आपला तास पस्तीस मिनिटांचा. पोरं निळी नळी बघून घंटा वाजली की निघून जातात. मधल्या सुट्टीत मी परत येऊन पाहिलं तेव्हा त्या नळ्या पिवळ्या पडलेल्या होत्या. हे मला पहिल्यांदा दिसलं त्याच्या आधी सहा वर्षं मी पोरांना चुकीचं कारण सांगत होते.

उपाय फुकट आहे. नळ्या कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. तापमापी नसेल तर तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघतात तसं बघा. तेवढंही नसेल तर नळीला बूच लावून काखेत धरायला सांगा, शरीर ३७ च्या आसपासच असतं. एक नळी मात्र मुद्दाम गार पाण्यात ठेवा आणि नंतर कोमट पाण्यात आणा. थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. उकळलेली नळी कोमट पाण्यात आणली तरी सुरू होत नाही. थंडीनं विकर मंदावतं, उकळीनं बिघडतं, हा फरक दोन नळ्या शेजारी ठेवल्याशिवाय मुलांच्या डोक्यात बसत नाही.

पेशीतल्या विकरांना ही चैन नाही. यकृताच्या एका पेशीत शेकडो प्रकारची विकरं एकाच वेळी काम करतात आणि सगळ्यांना तीच ऊब लागते. म्हणून शरीर घाम गाळून, कुडकुडून ३७ धरून ठेवतं. उष्माघातात शरीराचं तापमान ४० च्या वर जातं तेव्हा पेशीतली प्रथिनं बिघडू लागतात. विकरं त्यातच आली.

लाळ कुणाची, कधीची?

आता थोडी नाजूक तपासणी. एका गटाचं होतं आणि दुसऱ्याचं नाही, तेव्हा मी लाळ देणाऱ्याकडे वळते.

सकाळी भाकर खाऊन आलेल्या मुलाच्या तोंडात पिठाचे कण असतात, म्हणजे लाळेसोबत आणखी स्टार्च नळीत येतं. कडक चहा प्यालेला असेल तर चहातलं टॅनिन प्रथिनाला चिकटतं. दोन-तीन किलोमीटर चालत आलेल्याचं तोंड कोरडं पडलेलं असतं. सगळ्यांना एकच उपाय : तीन वेळा चूळ भरा, पाणी प्या, पाच मिनिटं बसा. मग चिंचेचं नाव काढायचं, नुसतं नाव, चिंच तोंडात नाही. लाळ आपोआप सुटते. एक मिली लाळेत नऊ मिली पाणी घालून ढवळा आणि त्यातलं एक मिली पाच मिली स्टार्चला वापरा. ऊब बरोबर असेल तर माझ्याकडे बहुधा दहा मिनिटांच्या आत काम होतं.

तरी कुणाचं तीन मिनिटांत होईल आणि कुणाचं बारा. हा दोष नाही. अमायलेजचं जनुक माणसाकडे अनेक प्रतींत असतं आणि प्रतींची संख्या माणसागणिक वेगळी असते. पिढ्यान्‌पिढ्या स्टार्च जास्त खाणाऱ्या समाजांत सरासरी जास्त प्रती सापडतात, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणून वर्गात 'कुणाची लाळ भारी' अशी चढाओढ लावू नका.

आणि मग खर्रा. विदर्भात शिकवणाऱ्याला हा विषय टाळून चालत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा नववीतल्या पोट्ट्यांच्या खिशात असतो, हे आपल्याला ठाऊक असतं. सुपारीत टॅनिन भरपूर, ते विकराला धरून बसतं, म्हणून नळी निळीच राहते. चुना जास्त असेल तर उलट घडतं. चुन्याच्या पाण्यात आयोडीनचाच रंग उडतो, आणि न पचलेली नळी पचल्यासारखी दिसते. त्याच मुलाच्या उकळलेल्या लाळेची नळीही फिकी पडली तर समजायचं की रंग चुन्यानं घालवला.

हे वर्गासमोर बोलू नका. मी एकदा बोलले. तो मुलगा पुढचे आठ दिवस शाळेत आला नाही, आणि ते ओझं अजून माझ्या मनावर आहे. आता मी फक्त गटातला दुसरा मुलगा लाळेसाठी निवडते आणि त्याला नंतर एकट्याला बोलावते.

नळी आणि पाणी

इथवर सगळं ठीक असेल तर भांड्यांकडे वळा. आपल्या शाळांत त्याच पंधरा-वीस नळ्या सगळ्या प्रयोगांना फिरतात. आदल्या आठवड्यात मोरचुदाचे स्फटिक केले असतील आणि नळी नुसती विसळून ठेवली असेल, तर तांब्याचा अंश राहतो. तांबं, शिसं, चांदी, पारा यांचे क्षार प्रथिनाला चिकटून त्याची घडी बिघडवतात. लाळेसाठी सहा नळ्या वेगळ्या काढा, त्यांना लाल दोरा बांधा आणि दुसऱ्या कशालाही वापरू नका. धुण्याच्या सोड्यानं घासलेली नळी तीनदा साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर सोड्याच्या अंशानं आयोडीन फिकं पडतं.

बोअरच्या जड पाण्याला लोक उगीच घाबरतात. अमायलेजला घडी टिकवायला कॅल्शियम लागतं आणि जोमानं चालायला क्लोराइड लागतं, जड पाण्यात दोन्ही असतात. उलट जारचं आरओ पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर वापरून लाळ दहापट पातळ केली तर क्लोराइड कमी पडतं आणि काम रेंगाळतं. साध्या मिठाची एक चिमूट घाला. मीठ घातलेली आणि न घातलेली अशा दोन नळ्या शेजारी लावल्या तर मीठवाली आधी पिवळी पडते. पोरांना हे फार आवडतं, कारण घरातलं मीठ असं काही करतं हे त्यांनी ऐकलेलं नसतं.

पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत ब्लिचिंग पावडर टाकते. त्या दिवशीचं पाणी घेऊ नका, त्यातला क्लोरीन विकराचं नुकसान करतो. पाणी उकळून, उघडं ठेवून, दुसऱ्या दिवशी वापरा.

आमच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, म्हणून एका शिक्षकानं विचारलं की त्यानं प्रयोग फसत असेल का. विहिरीच्या पाण्यात असतं तेवढ्या फ्लोराइडनं लाळेचा प्रयोग अडत नाही. पण प्रश्न चांगला होता, कारण फ्लोराइड पेशीतल्या एनोलेज नावाच्या दुसऱ्या एका विकराला खरंच रोखतं. रक्तातली साखर तपासायला दवाखान्यात करड्या बुचाची नळी वापरतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. ते नसेल तर नळीतल्या रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि तपासणीत आकडा कमी येतो. एका विकराला अडवणारा पदार्थ दुसऱ्याला अडवेलच असं नाही.

लिंबू वापरू नका

आम्लाचा परिणाम दाखवायला मुलं हमखास लिंबू पिळतात. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग स्वतःच घालवतं, मग विकर बंद पडलेलं असूनही नळी पचल्यासारखी दिसते. व्हिनेगर घ्या, दोन-तीन थेंब. लाळेचं विकर पीएच ७ च्या जरा खाली उत्तम चालतं, आम्लात त्याच्या खोबणीतले विद्युतभार बदलतात आणि ते थांबतं. जठरात गेल्यावर त्याचं काम थांबतं ते याच कारणानं, आणि तिथे पेप्सिन नावाचं दुसरं विकर त्याच आम्लात मजेत काम करतं.

एवढं करूनही होत नसेल तर

लाळ सोडा आणि गहू भिजवा. मेहनत जास्त, तीन दिवस आधी तयारी, म्हणून हे शेवटी ठेवलंय. मूठभर गहू रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस मोड येऊ द्या, थोड्या पाण्यात वाटून फडक्यातून गाळा. मोड येताना दाणा आपलं साठवलेलं स्टार्च तोडायला अमायलेज तयार करतो. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सोझ या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या सातूतूनच असा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज म्हटलं. हे विकर लाळेच्या विकरापेक्षा जास्त ऊब सहन करतं, ५५ अंशांनाही चांगलं चालतं. थुंकीचा प्रश्न नसल्यामुळे खोकला असलेली मुलं वर्गात असतील तेव्हा मी गव्हावरच प्रयोग करते. लाळेवर केला तर प्रत्येकानं स्वतःचीच लाळ हाताळायची, आणि नंतर नळ्या अर्धा तास ब्लिचिंगच्या पाण्यात.

ज्वारीला मोड आणलेत तर ते चाखू देऊ नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइड सोडणारा पदार्थ असतो. कोवळी ज्वारी खाऊन बैल तडफडतो तो त्यानंच. पेशीत ऑक्सिजन वापरणारं जे शेवटचं विकर असतं, त्यालाच सायनाइड बंद पाडतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पहिली नळी, ज्यात नुसतं स्टार्च आणि पाणी आहे, ती नव्या आयोडीननं आणि धुतलेल्या काचेतही निळी होत नसेल, आणि बाहेरच्या पाण्यानं केल्यावर होत असेल, तर शाळेच्या पाण्यात काहीतरी आहे. त्याचा शोध वर्गात लावत बसू नका. ग्रामपंचायतीला सांगून नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवा आणि निकाल येईपर्यंत मुलांना ते पाणी पिऊ देऊ नका.

खर्रा खाणाऱ्या मुलाला एकट्याला बोलावल्यावर मी एक गोष्ट करायला सांगते. तोंड पूर्ण उघड आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून आत घाल. ती जात नसतील, तिखट लागल्यावर तोंडाची आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढरट, ताठ झाली असेल, तर ते शिक्षकाचं काम राहिलं नाही. सुपारीनं तोंडाच्या आतली त्वचा आक्रसते आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. त्याच आठवड्यात पालकांना सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालयातल्या दंत विभागात जा. तिथून गरज पडली तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवतात. मी आजवर चार मुलांना नेलं आहे.

आणि फवारणीचे दिवस. प्रयोगासाठी घरून बाटली आणा म्हटलं की फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन आणणारी मुलं असतात. ती बाटली वर्गात येऊ देऊ नका, कितीही धुतली असली तरी. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातल्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या खोबणीत जाऊन बसतात आणि निघत नाहीत. हे विकर मज्जातंतूंचा निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकतं. ते अडलं की निरोप पुसलाच जात नाही, शरीर थांबायचं विसरतं. तोंडातून लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, उलट्या, धूसर दिसणं, मग श्वास अडणं. २०१७ च्या हंगामात आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरांतही हे भय शिरलं होतं.

सुट्टीत फवारणीला गेलेला मुलगा असा दिसला, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका, दूध पाजू नका. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा. ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम ही औषधं दवाखान्यातच देता येतात. ॲट्रोपिन लक्षणं आवरतं आणि प्रालिडॉक्झिम अडकलेलं विकर मोकळं करतं, तेही लवकर दिलं तरच. जाताना फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिचं लेबल पिशवीत घालून न्या, म्हणजे काय फवारलं होतं हे डॉक्टरांना लगेच कळतं.